पत्त्याचा पुरावा

रात्री साडेआठला मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. उद्या प्रकल्प, प्राण्यांचे वर्गीकरण, चित्रे चिकटवून आणणे. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. खाली पालकांचे जोडलेले हात. मुलगी चौथीत आहे, म्हणजे प्रकल्प माझा आहे. चपला घातल्या आणि निघालो.

स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं. आत चित्रांचे कागद पाच रुपयाला एक. त्यांचेही गट असतात : पाळीव प्राणी, जंगली प्राणी, पाण्यातले प्राणी, पक्षी, किडे, भाज्या, राष्ट्रपुरुष. मी उभयचर मागितले. दुकानदार मोबाइलवर रील बघत होता.

"ते चौथीला नसतं."

"आहे हो. उद्या आणायला सांगितलंय."

"मागच्या वर्षीपर्यंत नव्हतं," असं म्हणून तो पुन्हा रीलमध्ये गेला. सजीवांच्या लक्षणांत चेतनाक्षमता नावाचं एक लक्षण आम्ही नुकतंच पाठ केलं होतं. त्या माणसात ते मला गूगल पेच्या आवाजापुरतंच दिसलं.

शेवटी बेडूक सापडला. 'पाण्यातले प्राणी'च्या कागदावर, खालच्या कोपऱ्यात, कासव आणि खेकड्याच्या मधे, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्या एका बेडकासाठी अख्खा कागद घेणं आलं, आणि त्या कागदाच्या मधोमध ऐसपैस पसरलेला व्हेलही आला. मी स्वतःशीच पुटपुटलो, "हा मात्र सस्तनमध्ये लावायला हवा."

"का?"

शेजारी एक आजोबा उभे होते. माकडटोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लाईट बिल, आधार कार्ड आणि आणखी बरेच कागद. झेरॉक्सचं मशीन गरम व्हायची वाट बघत होते. मला उत्तर द्यायचं काही कारण नव्हतं, तरी दिलं. व्हेल फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो, दूध पाजतो.

"ते त्याच्या घरातलं झालं," आजोबा म्हणाले. "राहतो कुठे?"

"समुद्रात."

"मग मासा. माणूस घरात काय खातो-पितो हे आम्ही कधी विचारलं नाही. पत्ता बघायचा, नोंद करायची, पुढचा."

आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असणार हे मी न विचारता ओळखलं. त्यांनी न विचारता सांगितलंही.

मी म्हटलं, "मग मगर?"

"मगर ऊन खायला काठावर येते. तिचे दोन पत्ते."

"बेडूक?"

"भाडेकरू. पावसाळ्यात इथे, मग गायब. त्याची नोंद पेन्सिलीने."

"पेंग्विन? राणीच्या बागेत आहेत ते?"

"ते बदलीवर आलेत. मूळ गाव बघायचं."

आता गप्प बसून पैसे द्यावेत की नाही? पण समोरच्या माणसाचं चुकतंय आणि आपल्याला माहितीय, अशी वेळ मला फार क्वचित मिळते. मी व्हेलच्या फिरतीचा मुद्दा काढला. हंपबॅक व्हेल वर्षाकाठी हजारो किलोमीटर जातात, त्यांना कसला आलाय पत्ता? आणि भरात येऊन पुढचंही बोलून गेलो : आपल्या अरबी समुद्रातले तेवढे कुठे जात नाहीत, बारा महिने इथेच असतात.

आजोबांनी पिशवी काउंटरवर ठेवली.

"म्हणजे कायमचा पत्ता!"

झेरॉक्सवाला पोरगा हसला. मागे रांगेत उभ्या असलेल्या एक बाई "बरोबर आहे काकांचं" म्हणाल्या आणि मला बाजूला सारून त्यांनी जिलेटिन पेपर मागितला. दुकानदारानेही रीलमधून मान वर काढली. म्हणाला, "आम्ही काय वेडे म्हणून पाण्यातल्यांत छापतो का?" तो छापत नाही, विकतो. पण त्या क्षणी सगळं दुकान एका बाजूला आणि मी व पाच रुपयांचा व्हेल दुसऱ्या बाजूला.

घरी येताना जिन्यात मला सुचलं की न्यू यॉर्कच्या कोर्टात नेमकं हेच झालं होतं. १८१८ साली. माशांच्या तेलाची सरकारी तपासणी सक्तीची, एका व्यापाऱ्याकडे व्हेलचं तेल, ते बिनतपासणीचं. मग व्हेल मासा की नाही? सॅम्युएल मिचिल नावाच्या नावाजलेल्या विद्वानाने साक्ष दिली की व्हेल मासा नाही. ज्यूरीने ठरवलं की आहे. सजीवांचे गट पाडणाऱ्या लिनिअस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात व्हेलला माशांतून उचलून सस्तनांत नेऊन बसवलं ते १७५८ मध्ये, म्हणजे साठ वर्षं झाली होती. (लिनिअसवर तरी किती विश्वास ठेवावा म्हणा, त्याच पुस्तकात त्याने वटवाघूळ माणसाच्या आणि माकडांच्या गटात घातलं होतं.) हे सगळं दुकानात सुचलं असतं तर बोललो असतो. ज्यूरीत आजोबाच बसले असते, तो भाग वेगळा.

चित्रं कापता कापता मुलीला किस्सा सांगितला. तिला आजोबांचं पटलं. ती तरी काय करणार? आमच्या घरी कोळंबी, तिसऱ्या आणि खेकडे सगळेच माशांत. त्यांत पाठीचा कणा एकालाही नाही, पण वार बुधवार, शुक्रवार, रविवार. साडेदहाला ती पेंगायला लागली आणि हिने तिला झोपायला पाठवलं. बेडूक फेव्हिकॉलमध्ये बुडून उलटा चिकटला. पावणेबाराला मी पालीचे पाय कापत बसलो होतो आणि मला एक कळत नव्हतं. पाल भिंतीवर आहे, कावळा खिडकीत आहे, गांडुळं कुंडीत आहेत, त्यांच्याकडे दहा मिनिटं बघायला लावलं असतं तर पोरीला काहीतरी दिसलं असतं. ते नाही. कापा, चिकटवा, कडेने चमकी लावा. साडेआठच्या आधी सांगायचं तर नाहीच नाही.

वही आज परत आली. व्हेल सस्तनमध्ये आहे, मी लावला तिथेच. ते बरोबर की चूक याबद्दल चकार शब्द नाही. पहिल्या पानावर लाल शाईत 'समास सोडलेला नाही. पांढरी जागा फार. सुबकता हवी' आणि दहापैकी सहा. ज्या मुलाच्या आईने तयार प्रकल्प विकत आणला त्याला दहा, आणि तो आता फळ्याशेजारी टांगलाय. सगळ्या वहीत बरोबरची खूण एकच आहे. सकाळी शाळेत जायच्या आधी मुलीने स्वतःच्या अक्षरात व्हेलखाली एक ओळ लिहिली होती : 'कायमचा पत्ता – अरबी समुद्र'. त्यावर.