परत न आलेल्या रुग्णांचा हिशेब

भारतात वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की वाद रंगतो तो कोणता सर्जन चांगला यावर. पुरावा म्हणून त्याने केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा आणि वर्षभरात उतरलेले किलो पुढे केले जातात. स्वीडनमधून हे वाचताना कळकळीने विचारावंसं वाटतं: पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णांपैकी आज किती जणांची खबर तुमच्याकडे आहे?

इथे २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. जवळपास प्रत्येक शस्त्रक्रिया तिच्यात येते आणि एक, दोन, पाच वर्षांनी त्याच रुग्णाची पुन्हा नोंद होते. याने काय साधतं ते गॅस्ट्रिक बायपासमध्ये, म्हणजे जठर लहान करून त्याला आतडं जोडण्याच्या शस्त्रक्रियेत, दिसलं. या शस्त्रक्रियेत आतडं नव्याने जोडताना त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी राहतात. वजन उतरतं तशी पडद्यातली चरबी झडते, फटी रुंदावतात आणि आतड्याचं वेटोळं त्यांत शिरून अडकतं. फटी शिवाव्यात की सोडून द्याव्यात, यावर सर्जनांचं एकमत नव्हतं. मग नोंदवहीच्याच आधाराने १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर चाचणी झाली. निकाल २०१६ मध्ये छापून आला. तीन वर्षांत आतडं अडकल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण न शिवलेल्यांत १०.२ टक्के, शिवलेल्यांत ५.५. पण पहिल्या ३० दिवसांतल्या गंभीर गुंतागुंती शिवलेल्यांतच जास्त होत्या: ४.३ टक्के, न शिवलेल्यांत २.८. मुख्य कारण म्हणजे आतड्याचा खालचा सांधा मुडपणं. तेव्हा फटी शिवायच्या, पण सांध्याला पीळ पडू न देता. एवढा बारीक फरक एकट्या सर्जनच्या आठवणीतून निघत नाही.

भारतात शस्त्रक्रिया एका शहरात होते, तीन वर्षांनी पोटदुखी दुसऱ्याच शहरात उठते. तिथे अडकलेलं आतडं सोडवलं जातं आणि पहिल्या सर्जनच्या लेखी तो रुग्ण यशस्वीच राहतो. तपासणीला येतात ते बहुधा बरं चाललेले. त्यांचीच सरासरी काढली तर ती गोडच येणार.

आकडे मागितले तर सर्जन अवघड रुग्ण टाळतील, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), मधुमेह, आधी झालेल्या रक्ताच्या गुठळ्या हे सगळं धरूनच तुलना व्हावी. वर्षाला ४० शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे एका रुग्णाच्या सांध्यातून गळती झाली म्हणजे २.५ टक्के, दोन म्हणजे ५; एवढ्यावरून कुणाला नावं ठेवू नयेत, तीन-चार वर्षांची बेरीज पाहावी. आणि न आलेल्या रुग्णाला फोन करून वजन, बी-१२, लोह, मधल्या काळात रुग्णालयात झालेली भरती विचारणारा पगारी माणूस प्रत्येक केंद्रात हवा. हे काम ऑपरेशन थिएटरमधून दमून आलेल्या डॉक्टरवर टाकलं की रकाने कोरे राहतात.