झाडं लावली म्हणून दलदल परत येत नाही

तेल मिसळलेल्या वाळूचं खाणकाम संपल्यावर कंपन्या झाडं लावतात, त्यामुळे कॅनडातल्या अल्बर्टाचं जंगल भरून निघेल, असं लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. तिथल्या अथाबास्का नदीच्या परिसरातला मोठा भाग पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, दलदल आहे. हजारो वर्षं साचलेला तो थर एकदा खरवडला की रोपं लावून परत येत नाही. आणि नुसत्या खाणीच कशाला? तेलाच्या शोधासाठी जंगलात लांबच लांब सरळ पट्टे तोडतात. त्या मोकळ्या वाटांनी लांडगे कॅरिबूंपर्यंत (ही तिथली रानटी हरणं) सहज पोचतात. कॅरिबू वाचवायचे म्हणून सरकार काही भागांत २००५पासून हेलिकॉप्टरमधून लांडगे मारतंय, हे वाचून फार वाईट वाटलं. २००८मध्ये खाणीच्या सांडपाण्याच्या तळ्यात उतरलेली सुमारे १६०० बदकं मेली, त्याचाही उल्लेख हवा होता.