कर्नल बदलला की वायफाय गायब

काय वैताग आहे राव, लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) अपडेट झाला की वायफाय गेलंच म्हणून समजा! जे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) कर्नलमधेच आहेत त्यांचं निवांत चालतंय, पण माझ्या वायफाय चिपवाल्यांनी त्यांचा ड्रायव्हर कधी तिथं दिलाच नाही, मग दर नव्या कर्नलला तो परत बिल्ड (कोडपासून तयार) करत बसा. डीकेएमएस नावाचं टूल हे आपोआप करतंय म्हणे, पण हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या त्या कर्नलच्या फायली) नसले की तेबी गप, अन् हेडर्स उतरवायला नेट पाहिजे, नेटला वायफाय, वायफायला ड्रायव्हर! मग मोबाईल यूएसबीला लावून टिथरिंग (मोबाईलचंच नेट वापरायचं), तेवढ्यात परभणीची लाईट जायलीय (बॅटरी तर कवाच मेलीय). एवढं करून सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सुरक्षा) म्हणतंय, मॉड्यूलवर (म्हणजे त्या ड्रायव्हरवर) सही नाही, लोड होणार नाही. तलाठ्यापेक्षा नखरे जास्त! सध्या ग्रबमधून (चालू होतानाच्या मेनूतून) जुनाच कर्नल चालवायलोय.