पोटातला पू काढ्यानं जिरत नाही

वेचणीच्या दिवसांत कापूस वावरात टाकून दवाखान्यात जायला कोणीच तयार नसतं. नेमका तेव्हाच हा मेसेज यवतमाळ-वाशीमकडच्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो: "अपेंडिक्स सुजो की फुटो, ऑपरेशन करू नका. शरीर स्वतःच लढतं, प्रतिकारशक्ती वाढवा. गुळवेलीचा काढा प्या, रात्री एरंडेल घ्या. दुखणं थांबलं की पू जिरला समजा."

"शरीर स्वतःच लढतं." हे खरं आहे, मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असेल त्याहून जास्त खरं. पोटाच्या अस्तरात मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, असतात. अंगावर पित्त उठून गांध्या येतात, त्या यांच्यामुळेच. 1996 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की आतड्यातली घाण पोटात झिरपल्यावर या पेशी नसलेले उंदीर जास्त मरतात; पेशी बाहेरून दिल्या की बरेच वाचतात. या पेशी टीएनएफ नावाचा रेणू सोडतात, त्याच्या सांगाव्यावर रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी धावून येतात आणि जंतू गिळतात. आतड्यांवर लोंबणारा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, सुजलेल्या जागेला जाऊन चिकटतो आणि घाण पसरू देत नाही. रदरफर्ड मॉरिसन या ब्रिटिश सर्जननं त्याला पोटातला पोलीसच म्हटलं होतं.

"प्रतिकारशक्ती वाढवा." इथं गाडी घसरते. हाच टीएनएफ रक्तात बेसुमार झाला की रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू लागतात. बरं, त्याला दाबून टाकणारी औषधंही सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच कोलमडू लागलेल्या, रुग्णांवर 1990 च्या दशकात वापरून पाहिली. आशा होती तसा गुण आला नाही. आणि अपेंडिक्सला भोक पडलेलंच असेल तर आतून घाण येतच राहते. पाटाचं दार उघडं ठेवून वावरातलं पाणी किती उपसणार?

एरंडेलाबद्दल एवढंच: त्यानं सुजलेल्या आतड्यावर जोर येतो आणि ते फुटायचा धोका वाढतो. पोट असं दुखत असताना जुलाब नकोच.

"दुखणं थांबलं की पू जिरला समजा." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. अपेंडिक्स फुटलं की आतला ताण उतरतो आणि काही वेळ हायसं वाटू शकतं. "आता बरं वाटून राह्यलं," म्हणत पेशंट उठून बसतो, घरचे निवांत होतात. मग ताप चढतो, पोट ताठ होतं, हात लावू देत नाही. खोकलं तरी कळ येते. इंग्लंडमधल्या 2012 च्या एका अभ्यासात अपेंडिक्सची सूज पक्की ठरलेल्या 34 पैकी 33 जणांना दवाखान्यात येताना स्पीड ब्रेकरवर कळ आली होती. आपल्याकडे त्यासाठी ब्रेकरची वाट पाहायला नको, रस्ते आहेतच.

"ऑपरेशनची गरजच नाही." अर्धसत्य. फिनलंडमध्ये स्कॅन करून, न फुटलेल्या अपेंडिक्सवर नुसत्या अँटिबायोटिकनं उपचार केले. 2015 मध्ये वर्षभराचा निकाल आला, 2018 मध्ये पाच वर्षांचा. वर्षभरात 27 टक्क्यांना, पाच वर्षांत 39 टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलंच. बाकीच्यांचं ऑपरेशन टळलं, पण ते दवाखान्यातल्या सलाइनवर आणि देखरेखीखाली. काढ्याचा तिथं संबंध नव्हता.

तेव्हा बेंबीभोवतीचं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलटी आणि ताप आला, तर 108 ला फोन लावा. निघताना चहासुद्धा पाजू नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.