एक स्टार मिळालेल्या दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना भाच्याने दाखवला. "यूएसबी टू आयटूसीचा खराब बोर्ड गळ्यात मारला, कॉम पोर्टच येत नाही, बदलून मागितला तर उर्मट बोलले, ८५० रुपये पाण्यात." मंगळवारी काउंटरवर माझा आवाज चढला, त्याबद्दल माफ करा. गर्दी होती, पण ते काही कारण झालं नाही.

बाकी सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. "खराब" हा शब्द मात्र गिळवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या हातातल्या कागदावर सीपी२११२ या चिपचं नाव लिहिलेलं होतं. आयटूसी म्हणजे सेन्सरसारख्या चिपांशी दोन तारांवरून बोलायची पद्धत, आणि ही चिप यूएसबीवरून ते बोलणं करून देते. तरी मी विचारलं, "२१०२ की २११२?" कारण इथे दहातले निम्मे जण गोंधळतात. २१०२ म्हणजे सीरियलवाली चिप, ती कॉम पोर्ट देते, म्हणजे कंप्युटरला सीरियल जोडणीचं दार. २११२ कॉम पोर्ट देतच नाही. ती कंप्युटरला एचआयडी म्हणून दिसते, म्हणजे कीबोर्ड-माउसच्या जातीची. म्हणूनच वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. प्रोग्रामने तिला नुसतं सांगायचं, अमुक पत्त्यावरून इतके बाइट वाच. एसडीए-एससीएल या दोन तारा हलवणं, स्टार्ट देणं, अॅक म्हणजे समोरून पोच आली का बघणं, स्टॉप देणं हे सगळं तिचं ती करते. तुम्ही म्हणालात, "हो, २११२च." मग मी दिली.

आणि नुसती दिली नाही, लावून दाखवली. आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी एलएसयूएसबी कमांड मारली तर १०सी४:ईए९० आलं, म्हणजे कंपनीचा आणि चिपचा ओळख नंबर, जे यायला हवं तेच. मग एलएम७५ चा तापमानाचा सेन्सर जोडून भाच्याची पायथनची स्क्रिप्ट चालवली. तुम्ही सेन्सरचा पत्ता हेक्स ४८ (हेक्स म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेले आकडे) टाकलात, काहीच आलं नाही. मी म्हटलं, ९० टाका. या चिपला थेट सांगताना सात बिटांचा पत्ता एक घर डावीकडे सरकवून द्यायचा आणि शेवटचा बिट शून्य ठेवायचा, म्हणून ४८ चे ९० होतात. २८.५ अंश आले. तुम्ही मोबाइलवर फोटोही काढलात. तो फोटो रिव्ह्यूला जोडला असता तर बरं झालं असतं. पुलअपसाठी, म्हणजे त्या दोन तारा वर ओढून धरायला, ४.७ केचे दोन रेझिस्टर मी पाकिटात फुकट टाकले होते, त्यांचाही उल्लेख नाही. असो.

मंगळवारी तुम्ही बोर्ड परत आणलात तेव्हा त्याच लॅपटॉपवर १०सी४:१२३४ आलं. मी विचारलं, हे १२३४ कुणी केलं? तुम्ही म्हणालात, "४०० किलोहर्ट्झ पाहिजे होतं, म्हणून कॉन्फिगर केलं." सगळी गडबड इथेच आहे. या चिपमध्ये सेटिंग दोन प्रकारचं असतं. क्लॉकचा वेग, टाइमआउट, जीपीआयओच्या म्हणजे हव्या त्या कामाला वापरायच्या पिना ही रोजची सेटिंगं. यूएसबी काढली की ती पुसली जातात, क्लॉक पुन्हा १०० किलोहर्ट्झवर येतो आणि प्रोग्रामने दर वेळी नव्याने सांगायचं. दुसरं म्हणजे व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी (तेच १०सी४ आणि ईए९०), नावाच्या स्ट्रिंगा. ही सगळी ओटीपी मेमरीत जातात आणि तिथला प्रत्येक रकाना आयुष्यात एकदाच लिहिता येतो. ती मेंदी नाही, गोंदण आहे. तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी चिपचा व्हिडिओ बघून प्रॉडक्ट आयडीत १२३४ गोंदवलंत. वेगासाठी तिथे हात लावायची गरजच नव्हती. लिनक्समधला तयार ड्रायव्हर ही चिप ईए९० बघून ओळखतो, १२३४ दिसल्यावर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून तुमची आयटूसी बस यादीतून गेली. चिप जागेवरच आहे, तिचं नाव तेवढं बदललंय.

यात माझा माल खराब कुठे झाला, ते मला कुणीतरी सांगा. असा बोर्ड वरचा डीलर माझ्याकडून परत घेत नाही, बदलून दिला तर ८५० माझ्या खिशातून जातात. वडिलांनी याच काउंटरवर रेडिओचे व्हॉल्व्ह विकले, पण "गळ्यात मारला" असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. आमचे रिव्ह्यू सगळे मिळून ४१. मोठ्या ऑनलाइनवाल्याला एका स्टारने काही होत नाही. आमच्याकडे आज सकाळी एका कॉलेजच्या लॅबवाल्यांनी फोन करून आधी त्या एका स्टारबद्दलच विचारलं.

बोर्ड काउंटरवर आपटून तुम्ही निघून गेलात. त्यानंतर भाच्याने स्क्रिप्टमध्ये ईए९०च्या जागी १२३४ घातलं, बाकी काही नाही. तोच सेन्सर, तेच ९०. २९ अंश आले. प्रोजेक्ट अडलं असेल तर या, तो दहा मिनिटांत तुमच्या लॅपटॉपवर करून देईल, त्याचे पैसे नकोत. लिनक्सचा तयार ड्रायव्हर आपोआप लागायला हवा असेल तर मात्र नवा बोर्ड घ्यावा लागेल, तो मी खरेदीच्या भावात देईन.

पाकिटावर चिठ्ठी लावायचंही डोक्यात आहे, कॉम पोर्टचं आणि या एकदाच लिहायच्या भानगडीचं. पाकीट एवढंसं असतं, बघू कसं मावतं ते. आणि मंगळवारी संध्याकाळी काउंटरवर मी एकटा राहणार नाही, अशी काहीतरी व्यवस्था करतोय.

बोर्ड ड्रॉवरमध्ये तुमच्या बिलासोबत ठेवलाय. रेझिस्टर पाकिटात तसेच आहेत, दोन्ही.