‘हो बघतो’ हे कार्ड कोणाचं?

टीमच्या कामांच्या ऑनलाइन बोर्डावर ‘करायचं’ या रकान्यात वरून तिसरं कार्ड. शीर्षक: ‘हो बघतो’. वर्णन: ‘हो बघतो’. जबाबदारी: कोणाचीच नाही. तारीख: नाही. लेबल: ‘ऑटोमेशन’. त्याच्या खाली हुबेहूब तसंच आणखी एक, आणि त्याच्याही खाली एक. काय बघायचं, कोण बघणार, कधी बघणार, कोणालाच पत्ता नाही. पण नोंद झाली, हे महत्त्वाचं. आपल्याही टीमची अशीच भरभराट व्हावी असं वाटत असेल, तर चॅटमधल्या मेसेजचं आपोआप कार्ड करणारा बॉट आजच बसवा. तो कसा बसवायचा ते सांगतो.

आधी ट्रिगर, म्हणजे कार्ड कशावरून व्हावं ते. काही जुनाट माणसं सांगतील की मेसेजवर कोणी ठरावीक इमोजी टाकला तरच कार्ड व्हावं, किंवा मेसेजच्या मेनूत ‘कार्ड करा’ असा शॉर्टकट द्यावा. ऐकू नका. त्यात बोट हलवावं लागतं, आणि बोट हलवता हलवता ‘हे खरंच काम आहे का’ असा विचार डोक्यात यायचा धोका असतो. तुम्ही सरळ शब्दांवर जा: ‘बघा’, ‘करायचं’, ‘लागेल’, ‘पाहिजे’. यातला एक सापडला की कार्ड. ‘एक्स्पोर्टचं काम आता करायचं नाही’ यातही ‘करायचं’ आहेच, त्यामुळे न करायच्या कामांचीही शिस्तीत नोंद राहते. अर्धी टीम मराठी रोमन लिपीत लिहिते आणि ‘करायचं’चं स्पेलिंग दर माणशी वेगळं, म्हणून तिथली खरी कामं निसटतील. निसटू द्या. निसटलेलं काम बोर्डावर दिसत नाही, म्हणजे ते नाहीच.

शब्द कमी पडले तर भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर वाचणारं एआय, लावा. प्रत्येक मेसेज त्याच्यापुढे ठेवून विचारा, हे काम आहे का? ‘वा, आणखी एक रिपोर्ट करू या, रिकामेच बसलोय सगळे’ या मेसेजचं तुम्हाला ‘आणखी एक रिपोर्ट तयार करणे’ असं नेटकं, वर ‘तातडीचं’ लेबल लावलेलं कार्ड मिळेल. टोमण्याला कामाचा दर्जा देणारं तंत्रज्ञान पूर्वी नव्हतं.

मग येतात दर दोन शब्दांनंतर एंटर मारणारे. ‘अरे’. ‘ते लॉगिनचं’. ‘बघा ना’. ‘काल सांगितलेलं’. ‘आजच पाहिजे’. पाच मेसेज, दोन कार्डं: एकाचं नाव ‘बघा ना’, दुसऱ्याचं ‘आजच पाहिजे’. लॉगिन या शब्दाला कार्ड नाही, कारण त्या ओळीत क्रियापदच नव्हतं. एकाच माणसाचे एका मिनिटातले मेसेज जोडून मग तपासावेत, असं कोणी सुचवलं तर ‘पुढच्या व्हर्जनमध्ये’ म्हणा. आणि त्याचंही कार्ड होऊ द्या.

शीर्षकाचा फार विचार नको. मेसेजची पहिली ओळ उचला. ती बहुतेकदा ‘सर्वांना नमस्कार’ अशी असते, बोर्डाला जरा संस्कारी रूप येतं. जिरात (कामांच्या बोर्डाचं एक सॉफ्टवेअर) शीर्षकाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात नवी ओळ चालत नाही, म्हणून लांबलचक मेसेज आला की त्याचं एपीआय (बॉट ज्या दारातून कार्ड आत टाकतो ते) एरर देतं आणि तो एरर तुमच्या कोडमध्ये कोणी वाचत नाही. अडचण कळलीच तर मजकूर बाइट मोजून कापा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक मजकूर साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं असतं. नेमका मधेच कोयता चालला की शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. अक्षरं मोजून कापलं तरी जोडाक्षराच्या मधे सापडून ‘प्रकल्प’चा ‘प्रकल्’ होतोच. शेवटच्या पूर्ण शब्दावर थांबून पूर्ण मजकूर वर्णनात टाकणं, हे दोन ओळींचं काम आहे. म्हणून तर ते कोणी करत नाही.

जबाबदारी ज्याचा उल्लेख आधी येईल त्याची. ‘याला विचारून त्याने करावं’ असं लिहिलं की काम ‘याच्या’ गळ्यात. तुमचं चॅट स्लॅक या ॲपवर असेल, तर त्याच्या मजकुरात उल्लेख नावाने येत नाही, यूने सुरू होणारा एक आयडी येतो. तो तसाच कार्डावर छापा, ओळखणारे ओळखतील. चॅटमधला माणूस आणि बोर्डावरचा माणूस ईमेलवरून जुळवता येतो, पण त्यासाठी बॉटला ईमेल वाचायची वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि एखाद्याचे दोन्हीकडचे ईमेल वेगळे निघाले तर काय करायचं ते ठरवावं लागतं. ठरवणं नको म्हणून तर बॉट आणला ना आपण?

तारखेसाठी ‘परवा’ हा शब्द पुरे. तो मराठीत मागेही जातो आणि पुढेही, त्यामुळे निम्मी कार्डं जन्मतःच मुदत उलटलेली निघतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे) ठेवलंत तर ‘आज’चीही तीच गत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेसेज आला की त्याच विनंतीत सगळं उरका: मॉडेलला विचारा, माणूस शोधा, कार्ड तयार करा, चॅनेलवर कळवा, आणि मग सावकाश उत्तर पाठवा. स्लॅक तुमच्या सर्व्हरकडे इव्हेंट, म्हणजे ‘मेसेज आला’ अशी वर्दी, पाठवतं आणि उत्तराची ३ सेकंद वाट बघतं. तेवढ्यात २०० (‘मिळालं’ असा संकेतांक) आलं नाही तर इव्हेंट पोचला नाही असं समजून पुन्हा पाठवतं: एकदा लगेच, एकदा १ मिनिटाने, एकदा ५ मिनिटांनी. मूळ एक आणि हे तीन. तुमचं मॉडेल सहा सेकंद विचार करत बसतं, काम मात्र चारही वेळा पूर्ण करतं. चार कार्डं! एकाच मेसेजची! आणि ही चार भावंडं बोर्डावर सुखाने नांदत नाहीत. पहिल्यावर कोणी काम सुरू करतं, दुसऱ्यावर टेस्टर शेरा लिहितो, तिसरं मॅनेजर कोणाच्या तरी नावावर टाकतो, चौथं ‘झालं’मध्ये सरकवलं जातं, आणि आठवड्याच्या बैठकीत विचारणा होते की चारपैकी एकच का झालं. डुप्लिकेट म्हणून उडवायला जावं तर नेमक्या उडवलेल्यावरच टेस्टरचा शेरा होता. वीस मिनिटं यात जातात. दर वेळी. आणि उपाय? उपाय काही गुपित आहे का? विनंती आली की सही तपासा (ती खरंच स्लॅकची आहे ना), इव्हेंट क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाका, ताबडतोब २०० द्या, बाकीचं मागे निवांत करा. पुन्हा आलेल्या इव्हेंटला तोच इव्हेंट आयडी असतो. तो डेटाबेसच्या टेबलमध्ये युनिक, म्हणजे एकदाच येणारा, ठेवा, दुसऱ्यांदा आला की डेटाबेसच नाकारेल. ‘आधी आहे का बघू, नसेल तर टाकू’ असं दोन पायऱ्यांत करू नका, दोन प्रती एकाच क्षणी आल्या की दोघींनाही ‘नाही’ असंच दिसतं. आणि विनंतीच्या हेडरमध्ये (सोबतच्या माहितीत) ‘हा कितवा प्रयत्न’ ते दिसतं म्हणून पहिला सोडून सगळे फेकून देणारे महाभाग आहेत, त्यांना साष्टांग दंडवत: पहिल्या वेळी सर्व्हरच झोपलेला असला तर ते काम कायमचं गेलं! बॉटचा उल्लेख आणि चॅनेलचे मेसेज, दोन्ही इव्हेंट घेतले असतील तर एकाच मेसेजसाठी दोन वेगळे इव्हेंट आयडी येतात, म्हणून चॅनेल आणि मेसेजचा टाइमस्टॅम्प ही जोडीही युनिक पाहिजे. एवढंच आहे. एका दुपारचं काम. पण नाही, ‘चालतंय ना’ म्हणून सोडून द्यायचं आणि चार-चार कार्डं झाडत बसायचं बाकीच्यांनी!

असो. सल्ले राहिले.

कार्ड झालं की बॉटने चॅनेलवर ‘नवीन कार्ड तयार, जरा बघा’ असं जरूर लिहावं. त्यात ‘बघा’ आहे. पुढचं तुमचा बॉटच करेल, तुम्ही झोपा. त्याला आवरायचं असलंच, तर मेसेजवर बॉट आयडी असेल तर तो सोडून द्यायचा, एवढी एक ओळ लागते. फक्त ‘बॉट मेसेज’ हा उपप्रकार तपासून भागत नाही, आताच्या ॲपनी टाकलेल्या मेसेजवर तो नसतो. आणि बोर्डाचं स्वतःचं जोडणीचं ॲपही त्याच चॅनेलवर ‘कार्ड हलवलं’ म्हणून ओरडत असतं, हेही लक्षात ठेवू नका.

मेसेज नंतर सुधारला किंवा पुसला, तर कार्डाला कळवू नका; त्याला वाईट वाटेल.

थ्रेडमधलं, म्हणजे एखाद्या मेसेजच्या खाली लिहिलेलं, उत्तर मूळ मेसेजशिवाय उचला. ‘हो, हेच करायचं’ हे कार्ड कोणत्याही प्रकल्पात शोभून दिसतं. मूळ मेसेजची लिंक तर मुळीच टाकू नका. टाकलीत तर फक्त लिंकच टाका, मजकूर नको: स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, म्हणजे काम पुरेसं लांबलं की ते काय होतं हा प्रश्नच मिटतो.

उत्साहाच्या भरात चॅनेलचा सगळा इतिहासही एका रात्रीत बोर्डावर ओता. ट्रेलो (तेही बोर्डाचंच सॉफ्टवेअर) एका टोकनला, म्हणजे प्रवेशाच्या एका किल्लीला, १० सेकंदांत १०० विनंत्या घेतं, त्यापुढे ४२९ (‘फार झालं’ असा संकेतांक) देऊन नाकारतं; तुमची स्क्रिप्ट ते न वाचता पुढे जाते, आणि कोणती कार्डं आली नि कोणती नाही हे देवालाच ठाऊक.

खाजगी चॅनेललाही बॉट जोडा. ज्या बोर्डावर ग्राहकाला प्रवेश आहे, तिथे त्याच्याविषयीचं तुमचं मत आणि सर्व्हरचा पासवर्ड शेजारीशेजारी छान दिसतात.

बास झालं. आता सरळ बोलतो.

कार्ड म्हणजे काय हे तरी माहीत आहे का? रकान्यांत कार्डं सरकवायच्या या पद्धतीला कानबान म्हणतात, आणि ती टोयोटाच्या कारखान्यातून आली. तिथे कार्डाशिवाय सुटा भाग तयार होत नसे आणि फिरणारी कार्डं मोजकीच असत. कार्डं मोजकी, म्हणून अर्धवट मालाचा ढीग साठायचा नाही. कार्ड ही आवर घालायची वस्तू होती! तुम्ही त्याच नावाखाली ढीग छापणारं यंत्र बसवलंत आणि वर महिन्याच्या अहवालात लिहिता, ‘कामांची नोंद वाढली’.

काम कोण करणार हे बैठकीत कोणी बोलत नाही, चॅटवर कोणी ‘मी करतो, गुरुवारपर्यंत’ असं लिहीत नाही, सगळे अंगठा दाखवून मोकळे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तो बॉट मजकूर इकडून तिकडे नेऊ शकतो. ‘हे माझं’ असं तुमच्या वतीने तो म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही म्हणत नाही आहात. म्हणून जबाबदारीचा रकाना रिकामा आहे. कोडमध्ये बग आहे म्हणून नव्हे!

शब्द हुडकणं आजच बंद करा. मेसेजच्या मेनूत शॉर्टकट द्या, तो दाबला की छोटा फॉर्म उघडू दे. फॉर्म उघडायला स्लॅककडून मिळणारा तात्पुरता परवाना, ट्रिगर आयडी, ३ सेकंदांतच मरतो, तेव्हा आधी फॉर्म उघडा, मग बाकीची शोधाशोध करा. फॉर्ममध्ये तीन रकाने, तिन्ही सक्तीचे. शीर्षक माणसाने लिहायचं आणि त्यात क्रियापद हवं: ‘लॉगिन चुकल्यावर येणारा मजकूर दुरुस्त करणे’. नाव एकाचंच, दोन नावं म्हणजे कोणीच नाही. तारीख कॅलेंडरवरून निवडायची, ‘परवा’ लिहून नव्हे. मेसेजचा मजकूर आणि लिंक दोन्ही वर्णनात आपोआप जाऊ द्या, तेवढंच यंत्राचं काम. कार्ड झाल्याची एक ओळ त्याच थ्रेडमध्ये पडू द्या, चॅनेलवर नको. नवी कार्डं थेट ‘करायचं’मध्ये टाकू नका, वेगळ्या ‘आवक’ रकान्यात टाका आणि तो रोज रिकामा करायचं काम एका माणसाकडे द्या. तीन रकाने भरायला कोणाला जड जात असेल, तर ते काम नव्हतंच, गप्पा होत्या. गप्पा चॅटमध्येच ठेवा.

आणि ते वरून तिसरं कार्ड. ‘हो बघतो’ ज्याने लिहिलं त्याला आपण काय बघणार होतो ते आठवत असेल, तर त्याने आत्ता ते उघडून शीर्षक बदलावं, स्वतःचं नाव टाकावं, तारीख टाकावी. आठवत नसेल तर आर्काइव्ह करावं. खालची दोनही. माझ्या नावावर टाकू नये.