बॅनरवर चेहरा आहे, पक्ष नाही

आज गोव्यातल्या पेडणे बाजारात बॅनर बघितला, "भावी आमदार" म्हणे! हात जोडलेला फोटो, मागे देव, खाली पन्नास शुभेच्छुक, आणि पक्षाचं चिन्ह? नाहीच! तिकीट कुठनं मिळतंय ते ठरायचंय ना अजून. इलेक्शन २०२७ च्या सुरवातीला, पण बाजार आत्ताच भरलाय.

आमच्या काकांनी गावच्या राखणदार देवापुढे, राष्ट्रोळीपुढे नारळ ठेवून मुंडकाराला (आमच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुळाला) शब्द दिलेला, बागायतीतनं वाट देतो म्हणून. कागद नाही, सही नाही. मग मोपाला विमानतळ आला, जमिनीचे भाव चढले, दलाल दारात, घरचेच मागे लागले की वाट बंद करा, अख्खा प्लॉट विकू. काका म्हणाले, देवापुढे बोललोय. विषय संपला.

आणि हे लोक? २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे), बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली, फुटणार नाही म्हणून. अकरा निवडून आले, सप्टेंबरात आठ भाजपात. आठच का, तर आमदारकी वाचवायला दोन तृतीयांश लागतात ना पक्षांतरबंदी कायद्यात बसायला! देवाचा धाक नाही पण गणित पक्कं. त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत तर म्हणाले देवाला विचारलं, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. आमच्या काकांना देवाने असलं काही सांगितलं नाही बुवा, जमीन कमी पडली असेल.

२०१७ ला काँग्रेस १७, भाजप १३, सरकार मात्र भाजपचं झालं. २०१९ ला काँग्रेसचे दहा भाजपात गेले. हां, त्यातले बरेचसे पुढच्या वेळी पडले, मान्य, लोकांनी दाखवलं. पण मग परत आठ गेलेच ना?

काकांच्या त्या वाटेवरनं आता मुंडकाराची नात शाळेत जाते. तिच्या बापाला विचारलं मत कुणाला, तर म्हणतो जो सत्तेत जाईल त्याला, निदान पोराला नोकरी तरी लागेल. काय बोलणार? खोटं नाहीये ते, विरोधातल्या आमदाराचं काम अडतंच.

त्याला नाही बोलणार मी. पण जे खाऊनपिऊन सुखी आहेत आणि कुणी फुटला की ग्रुपवर "मास्टरस्ट्रोक" टाकतात त्यांनी माझ्याशी वाद घालायला येऊच नये. पक्ष बदलायचाय? खुशाल बदला, आधी राजीनामा द्या, परत उभे रहा. आणि खर्च परवडत नाही असं तर म्हणूच नका.